पार्ट नंबर बदलायचा नसतो

बुधवार, ८ जानेवारी २०२५, कुरुळी

वही उघडली ती रिकामी बसलेय म्हणून नाही, काम फार झालंय म्हणून. अकरा वर्षं मी वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीत बसणाऱ्या वायरींच्या जुडग्यांच्या, लाइनवर होते, त्यातली चार वर्षं लाइन लीडर. शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचं: काय झालं, काय अडलं, कुणामुळे अडलं. सप्टेंबरात कंपनीने लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हा कंत्राटी बायकांना एका ओळीत उभं करून बिस्किटाचा पुडा आणि 'थँक यू' दिलं. नोकरी गेली, लॉगबुक भरायची खोड राहिली.

त्यानंतर कामासाठी गेटोगेट हिंडले. कुठं भरतीची पाटी लागलीय, कुठली पाटी महिन्यापूर्वीची आहे, कुठं बायकांना घेतच नाहीत, सगळं लिहून ठेवायचे. ते शेजारणींनी मागितलं, मग त्यांच्या बहिणींनी. माझी नणंद मिनल वाकडला आयटीत आहे, तिने एक साइट करून दिली. नाव 'आजची भरती'. रोज सकाळी सातच्या आत मी टाकते: कुठलं गेट, किती जागा, किती वाजता, कागद कुठले, बायकांसाठी बस आहे का. ताप असला तरी टाकते. अर्थात हे सगळं मला काम लागेपर्यंतच. लागलं की दुकान बंद.

आज मुलींच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या अर्जुनराव सरांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आमच्या मुली तुमचीच यादी बघून जातात. आपण ती दारातल्या मोठ्या स्क्रीनवर लावू. तुम्ही फक्त फीड द्या."

मी म्हटलं, देते की. फीड म्हणजे काय ते फोन ठेवल्यावर मिनलला विचारलं. पण मॅडम म्हणाले हो मला! नवऱ्याला, धनेशला, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, भाजीत मीठ नाही."

शुक्रवार, १० जानेवारी

फीड म्हणजे दुधाचा रतीब. साइटवर येऊन कुणी बघत बसायचं नाही. मी नवी नोंद टाकली की ज्याने रतीब लावलाय त्याच्याकडे ती आपोआप जाणार. सरांच्या स्क्रीनवर जाईल, आणि मिनल टेलिग्रामचं चॅनेलही त्याला जोडून देणार आहे. चॅनेलवर अकराशे बायका आहेत. आजवर मी एकेक नोंद तिथं हाताने चिकटवत होते, ते वाचेल.

पण रतिबातही तीन जाती निघाल्या. आरएसएस सगळ्यात जुना. (याचा शाखेशी काही संबंध नाही हे आधीच सांगून टाकलं, धनेशने तोंड उघडलंच होतं.) दुसरा अ‍ॅटम, नियमांना कडक. तिसरा जेसन फीड, सगळ्यात नवा.

मिनल म्हणते, "वहिनी, जेसनच घे. आमच्याकडे सगळी पोरं तेच वापरतात. म्हाताऱ्या गोष्टी कशाला गळ्यात बांधून घेतेस?"

सर म्हणतात, "मॅडम, वीस वर्षं आरएसएस बघतोय मी. आमच्या स्क्रीनला तेच चालतं. नवीन खूळ नको."

दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत, भांडतात माझ्या फोनवरून. शेवटी आरएसएस घेतला. खरं लिहायचं तर मी निवडला नाही. ज्याचा स्क्रीन, त्याचं ऐकलं.

रविवार, १२ जानेवारी

चालू झालं! सरांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरात 'आजची भरती', खाली माझ्या नोंदी एकामागून एक सरकतायत, आणि चार मुली मान वर करून वाचतायत. तो फोटो मी गावी आईला पाठवला, भावाला पाठवला, जुन्या सुपरवायझरलाही पाठवला. त्याला मुद्दाम.

मिनलने शिकवलं, प्रत्येक नोंदीला ओळखीचा एक नंबर देता येतो. आरएसएसमध्ये नाही दिला तरी भागतं. पण मी देणार म्हणजे देणार. तारीख आणि पुढे क्रमांक. नोंदीत काही सुधारलं तर नंबरापुढे आर-वन लावते. लाइनवर असंच असायचं: फेल झालेला हार्नेस दुरुस्त होऊन आला की त्याला नवा टॅग, आर-वन. जुना टॅग फाडून टाकायचा. जुन्या टॅगचा माल परत लाइनवर दिसला तर लाइन लीडरची खैर नाही. माझ्या लाइनवर चार वर्षांत एकदाही दिसला नाही.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी तीनला भजनाला म्हणून जातात त्या सहाला येतात. पायावर ही धूळ. म्हणाल्या, "त्या निळ्या गेटावर पाटी लागलीय म्हणं. पॅकिंगला बाया पाहिजेत म्हणं." मी फोन करून विचारलं, तर खरंच लागली होती. भजनात देवाचं नाव कमी आणि चौकशा जास्त दिसतात. दोन महिन्यांत दुसरी चप्पल झिजवली त्यांनी. देऊळ तर गल्लीच्या टोकाला आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

इकडं गुरुवारी सगळ्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी, धनेश घरी, रस्ते मोकळे. मी महिन्याभराची साफसफाई काढली. जुन्या नोंदी तशाच पडून होत्या, भरती झालेली, जागा संपलेल्या. एखादी बाई चुकून जुनी नोंद वाचून गेली तर? म्हणून त्रेचाळीस नोंदी एकेक उघडल्या, प्रत्येकीच्या शेवटी 'ही भरती बंद झाली आहे' असं लिहिलं आणि प्रत्येकीला शिस्तीत आर-वन लावलं. पाठ मोडून निघाली. पण साइट अशी लख्ख झाली की बघत राहावं. कुठल्या कॉन्ट्रॅक्टरने केलं असतं हे? कुणीसुद्धा नाही.

धनेश म्हणाला, "स्वतःची नोकरी शोधायची सोडून लोकांच्या नोकऱ्यांना फडकं मारत बसलीय." त्याला काय कळणार क्वालिटी.

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहायचं मन नाही, तरी लिहिते.

सकाळी पावणेआठला निळ्या गेटच्या सिक्युरिटीवाल्या काकांचा फोन. "ताई, तुमच्या बाया आल्यात. साठ-सत्तर असतील. इथं तर काहीच नाही." मला वाटलं काका शुद्धीवर नाहीत. तोवर दुसऱ्या गेटवरून फोन आला, मग तिसऱ्या.

चॅनेल उघडलं. माझंच चॅनेल, म्हणून मी त्याचा आवाज बंद ठेवलेला. काल दुपारी त्यावर एकामागून एक त्रेचाळीस नोंदी पडल्या होत्या. सगळ्या नव्या म्हणून! 'महिला हेल्पर पाहिजेत, निळं गेट, सकाळी ८.' मोबाइलवर तेवढंच दिसतं, वरच्या दोन ओळी. 'बंद झाली आहे' हे मी खाली लिहिलेलं. खाली कोण जातंय?

गाडी काढून निळ्या गेटला गेले. बायका भिंतीच्या सावलीला बसलेल्या, फायली मांडीवर, केस नीट विंचरलेले. मला बघून काही जणी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं मी आत न्यायला आले. मी सांगितलं, चूक माझी आहे, भरती नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एक चऱ्होलीची, इंद्रायणी नावाची, लहान चणीची बाई. आहे त्या कामावर खाडा करून, दोन रिक्षा बदलून आलेली. ती शांतपणे म्हणाली, "ताई, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर फोन करून विचारलं असतं. तुम्ही लिहिलंय म्हणून नाही विचारलं."

त्यानंतर मी घरी कशी आले ते आठवत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

सरांचा मेसेज: 'मॅडम, यादी तूर्त स्क्रीनवरून काढली आहे. मुलींचा प्रश्न आहे. बघू.' ह्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. लाइन हलवायच्या आधीही साहेब 'बघू'च म्हणायचे. चॅनेलवरून दोनशे बायका गेल्या.

मिनलने दहा मिनिटांत कारण सांगितलं. "वहिनी, तू सगळ्यांचे नंबर बदललेस. मशीनला नंबर नवा दिसला की नोंद नवी. तुला कुणी सांगितलं आर-वन लावायला?"

मी म्हटलं, अकरा वर्षांच्या नोकरीने सांगितलं. फोन ठेवला. चिडले होते, आणि कुणावर ते कळत नव्हतं. बंद म्हणून सांगायला गेले आणि उघडं म्हणून सांगून बसले, यापेक्षा मोठा गाढवपणा कुठला असेल?

आज यादी टाकली नाही. सुरू केल्यापासून पहिल्यांदाच.

दुपारी आत्या दारात उभ्या. "उद्याची यादी लिवली का?"

"नाही लिहिणार. कोण वाचणार आता?"

"मंग मी कशाला..." असं काहीतरी म्हणाल्या. मग पदर खोचून निघून गेल्या. भजनाला. सूनबाईचं नाक कापलं गेलं तरी यांचं भजन चुकत नाही!

सोमवार, २० जानेवारी

मागच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. मी जाणार नव्हते. तिथल्या निम्म्या बायका शुक्रवारी गेटवर होत्या. आत्यांनी पेटीतली काळी साडी काढून पुढ्यात टाकली. "सवाष्णीनं कुंकवाला न्हाई म्हणू नये. आन तोंड लपवायला तू काय चोरी केलीस व्हय?"

गेले. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाणाला प्लास्टिकचे डबे होते. सगळ्या नवऱ्यांची नावं घेतायत, हसतायत, माझ्याशी मात्र जपून बोलतायत, आजाऱ्याशी बोलावं तसं. ते मला सहन होईना. उभी राहिले आणि म्हटलं, "उखाणा नंतर घेते. आधी ऐका. शुक्रवारी तुमचा दिवस मोडला तो माझ्यामुळे. मशीन बिघडलं नव्हतं, नेट गेलं नव्हतं. मी चुकले. हे परत कसं होणार नाही ते मी शोधतेय. सापडेपर्यंत रोज फक्त त्याच दिवसाची यादी टाकेन, हाताने, आणि प्रत्येक गेटला सकाळी फोन करून."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकीने विचारलं, "उद्या टाकणार ना पण?" मी म्हटलं, टाकणार. मग उखाण्याचा गलका झाला. धनेशचं नाव भाजीतल्या मिठात घालून घेतलं, बायका लोळल्या हसून.

बुधवार, २२ जानेवारी

सापडलं! आंघोळीला पाणी तापत ठेवलं होतं, ते उकळून गेलं.

टॅग आणि पार्ट नंबर यांत मी गल्लत केली. आर-वनचा टॅग एकेका नगाला असतो, दुरुस्त झालेला तो एक नग. पण हार्नेसचा पार्ट नंबर वेगळा. तो ड्रॉइंगवर छापलेला असतो आणि तो कुणाच्या बापाला बदलता येत नाही. ड्रॉइंग सुधारलं की शेजारी फक्त रिव्हिजन आणि तारीख बदलते. पार्ट तोच. माझी एक नोंद म्हणजे एक पार्ट, आणि मी तिचा नंबर बदलत बसले. लाइनवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं फाडलं असतं.

मग तिन्ही फीडचे नियम स्वतः वाचले. मराठीत कुठं नव्हते, इंग्रजीत वाचले, ट्रान्सलेटला टाकून. अडीच तास. आरएसएसमध्ये नंबर दिला तर दिला, नाही तर राहिलं, आणि नोंदीला तारीख एकच. आधी कधी टाकली, नंतर कधी बदलली, हे वेगळं सांगायची सोय त्यात धड नाही. जेसनमध्ये नंबर लागतोच, पण बदलाची वेळ ऐच्छिक. अ‍ॅटममध्ये नंबर सक्तीचा, शेवटच्या बदलाची वेळ सक्तीची, आणि पहिल्यांदा टाकल्याची वेळ शेजारी वेगळी लिहिता येते. सक्तीचं काही भरायचं राहिलं तर फीड तपासायची एक साइट आहे, ती लाल खूण दाखवून फीड पासच करत नाही.

लाइनवर आमच्याकडे कनेक्टर असे बनवलेले असायचे की उलटा लावायचा म्हटला तरी आत जायचाच नाही. त्याला पोका-योके म्हणतात. माणूस दमतो, वैतागतो, घरचं टेन्शन असतं, म्हणून चूक आतच जाऊ द्यायची नाही. ऐच्छिक गोष्ट शिफ्टच्या शेवटच्या तासाला कुणी करत नाही, हे मला वीस बायकांची लाइन चालवून माहीत आहे. मिनलला ते माहीत नाही आणि सरांनाही नाही.

अ‍ॅटम घेणार. यावेळी मी निवडलाय.

शुक्रवार, २४ जानेवारी

मिनल आधी हसली. मी तिला पार्ट नंबर समजावला. मग म्हणाली, "वहिनी, हे आमच्या ऑफिसात येऊन सांगशील का?" चेष्टा करत होती बहुतेक. पण तिला एक सुचलं आणि ते मला आवडलं. टाकल्याची वेळ आणि बदलाची वेळ वेगळी दिसली की चॅनेलवर ती नोंद 'बदल' हा शब्द पुढे लावून जाईल. नवी म्हणून जाणारच नाही. आणि बंद झालेल्या नोंदीच्या शीर्षकातच मी पहिला शब्द 'बंद' लिहायचा.

मग सरांकडे गेले. फोनवर 'बघू' ऐकायचं नव्हतं. सर म्हणाले, "मॅडम, आमच्या स्क्रीनला अ‍ॅटम चालत नाही."

"सर, लावून बघितलंय का?"

"चालत नाही म्हणजे नाही."

"माझ्या लाइनवर एक नियम होता सर. ट्रायल घेतल्याशिवाय 'चालत नाही' लिहायचं नाही."

 मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवणार. त्यांनी खुर्ची ओढली, मी दिलेला, मिनलने बनवलेल्या ट्रायल फीडचा पत्ता टाकला, बटण दाबलं. स्क्रीनवर नोंद आली. पहिल्याच फटक्यात. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन आठवडे," म्हणाले. "दोन आठवड्यांत एक जरी मुलगी चुकीच्या गेटवर गेली तर यादी कायमची काढीन. मला त्यांच्या आईबापांना उत्तर द्यावं लागतं."

मी म्हटलं, मान्य. 

सोमवार, २७ जानेवारी

फॉरमॅट बदलताना जुन्या नोंदी पुन्हा नव्या म्हणून जायची भीती होती, म्हणून फीड रिकामं करून फक्त आजच्या पाच नोंदींवर सुरू केलं. त्याआधी चॅनेलवर सांगितलं, कुणी दचकू नका. तपासणीच्या साइटने दोनदा लाल दाखवलं. एकदा मी बदलाची वेळ विसरले होते. शिव्या नाही दिल्या त्याला, उलट बरं वाटलं. बरोबर अडवलं बाबाने. तिसऱ्यांदा हिरवं.

सातच्या आत यादी गेली. मग मुद्दाम एका नोंदीत बसची वेळ सुधारली. चॅनेलवर पडलं: 'बदल'. एकदाच. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले आणि आत्यांनी पाहिलं. "याड लागलं का काय हिला," म्हणाल्या, आणि त्यांची नवी चप्पल घालून निघाल्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आठ दिवस, एकही चूक नाही. गेलेल्या दोनशेपैकी नव्वद परत आल्या. रोज मोजते. मोजू नये, पण मोजते.

एक मोठी भरती येतेय, अकरा तारखेला. हार्नेसचीच कंपनी, साठ बायका ऑपरेटर म्हणून आणि दोन लाइन लीडर. लाइन लीडर! माझंच काम. अर्ज लिहून ठेवला. धनेशने स्वतःहून पासपोर्ट फोटो काढून आणले, मी न सांगता. फोटोत मी चिडल्यासारखी दिसतेय.

सोमवार, १० फेब्रुवारी

संध्याकाळी पाच वाजता आत्या धापा टाकत आल्या. पाणी प्यायच्या आधी म्हणाल्या, "त्या उद्याच्या कंपनीचं गेट बदललं म्हणं. म्होरचा रस्ता खांदलाय. मागल्या अंगाच्या गेटानं घ्यायलेत म्हणं, आन आठला न्हाई, साडेनवाला."

 उद्याचाच दिवस, साठ जागा, सरांच्या सेंटरच्या तीस मुली, आणि सरांच्या दोन आठवड्यांचा निकाल अजून यायचाय. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर "भजनात निघाला विषय" म्हणे. ऐकीव गोष्टीवर मी यादी बदलत नाही. गेटला फोन केला. सिक्युरिटीवाले म्हणाले, "व्हय ताई, खरं हाय. आत्ताच एका आजींना सांगितलं की. रोज येऊन विचारत्यात त्या." असतील कुणीतरी, गेटवर दिवसाला दहा जणी विचारतात. एचआरच्या मॅडमनाही फोन लावून खात्री केली.

मग नोंद उघडली. नंबर तोच. शीर्षकात आधी नवं गेट आणि नवी वेळ. बदलाची वेळ लिहिली. तपासणी हिरवी. पाच वाजून बावीस मिनिटांनी सोडलं. चॅनेलवर 'बदल', सरांच्या स्क्रीनवर जुन्या नोंदीच्या जागी नवी. सरांनी फोटो पाठवला.

आता उद्या जे व्हायचं ते होईल. साठ बायका कुठल्या गेटवर उभ्या राहतात, त्यावर माझ्या शब्दाला किंमत आहे की नाही ते ठरेल. जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नवाला पोचले. आधी मुद्दाम पुढच्या गेटला गेले. खोदलेला रस्ता, एक जेसीबी, दोन कुत्री. बाई एकही नाही. तिथंच गाडीवर बसल्या बसल्या डोळे भरून आले, आणि पुसायला रुमाल नव्हता, ओढणीने पुसले.

मागच्या गेटला वळले तर ही लांब रांग. सगळ्या तिथं. सेंटरच्या मुली एका रंगाच्या ओढण्यांत, कुरुळीच्या, चाकणच्या, लांबून चऱ्होलीच्या सुद्धा. ज्यांना कागद कमी होते त्यांचे झेरॉक्स करून आणले, एका गरोदर बाईला पुढे बसवलं, दोघींना आधार कार्डावरच्या नावाचं काय सांगायचं ते समजावलं. रांग सरकत होती. माझी पाळी आली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी शेवटची होते.

इकडं गेटवरच्या रजिस्टरात एक रकाना असतो, 'रेफरन्स'. कुणाच्या ओळखीनं आलात ते लिहायचं. तिथं कॉन्ट्रॅक्टरचं नाव येतं, नाहीतर गावातल्या एखाद्या दादाचं. ज्या बाईला ओळख नाही ती तो रकाना रिकामा सोडते, आणि रिकाम्या रकान्याची बाई किती वेळ गेटवर बसते ते मला ऑक्टोबरापासून माहीत आहे. मी स्वतः नऊ गेटांवर तो रिकामा सोडलाय.

सिक्युरिटीवाल्यांनी रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. पानाच्या डोक्यावर पहिलं नाव इंद्रायणीचं. साडेआठला आलेली. ती आली होती! तिच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'करिष्माताई, कुरुळी'. त्याखाली दोन रेघा, म्हणजे वरचंच. त्याखाली दोन रेघा. पान संपेपर्यंत दोन रेघा. पान उलटलं, वर पुन्हा कुणीतरी माझं नाव लिहिलेलं, आणि खाली परत रेघा. सत्तेचाळीस मोजल्या. अकरा वर्षं मी एका कंपनीत घासले, तिथं माझं नाव कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीशिवाय कुठं नव्हतं. इथं अनोळखी बायकांच्या हातचं, सत्तेचाळीस वेळा, ओळख म्हणून.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. धनेश ताटावरून उठला आणि हात न धुताच म्हणाला, "खरंच?" आत्या ऐकत होत्या, पाय चोळत. म्हणाल्या, "सत्तेचाळीस न्हाई, जास्ती आस्तील. त्या सेंटरच्या पोरी येगळ्या रजिस्टरात लिवत हुत्या." यांना कसं माहीत, म्हटलं. "आसंल म्हणं," म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. सरांचा मेसेज आलाय: 'यादी स्क्रीनवर राहील. अर्जुन.' लाइन लीडरचं कंपनीवाले सोमवारी कळवतो म्हणाले. लागलं काम तरी यादी सातच्या आत जाईल, पहिल्या शिफ्टची बस पावणेसातला असली तरी जाईल, ते माझं मी बघेन.

पण गेटवरचं लिहायचं राहिलं. मी माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं, वेळ लिहिली आणि रेफरन्सच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सिक्युरिटीवाले म्हणाले, "ताई, कुणाच्या ओळखीनं? लिवा लवकर, आत मॅडम थांबल्यात."

मी वर बघितलं, दोन रेघा मारल्या, आणि आत गेले.